जाणत्यांची जागा विद्यापीठात

(भवानी पेठ, सोलापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही माला चालते. मागावर बसणाऱ्यांच्या आणि विड्या वळणाऱ्यांच्या मुलांना शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत आले, तर त्याच्या घरच्या भाषेला हसायचे नाही, हा त्यांचा नियम होता असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या नावाने बोलायचे म्हणून मी आजचा विषय निवडला आहे : दुर्गम भागातल्या आदिवासी तरुणांचे उच्च शिक्षण.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. आदिवासी तरुणांसाठी महाविद्यालये वाढली पाहिजेत, वसतिगृहे वाढली पाहिजेत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे. याविषयी दुमत असायचे कारण नाही. पण एवढ्याने काम भागणार नाही. जंगलाचे, पाण्याचे, बियाण्याचे, गावकारभाराचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे अशा जाणत्या माणसांना विद्यापीठात शिक्षक म्हणून बसवले पाहिजे. त्यांना पगार हवा आणि परीक्षा घेण्याचा अधिकारही हवा. हे होत नाही तोवर आदिवासी मुलाला पदवी मिळेल, पण ती त्याच्या आईबापांना अडाणी ठरवूनच मिळेल.

हा विषय सोलापुरात कशासाठी, असे कुणाला वाटेल. आपल्या घराघरांतल्या बायका सुपात घेऊन ज्या पानांच्या विड्या वळतात, ते तेंदूचे पान गडचिरोलीसारख्या जंगलांतून येते. ते तोडणाऱ्या बाईची आणि वळणाऱ्या बाईची कधी भेट होत नाही, इतकेच. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे. गोदूताईंनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले होते. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा लढा आला आहे. म्हणजे नाते जुनेच आहे.

पण याहून जवळचे आणि कडू नाते सेटलमेंटचे आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरू लागला. सोलापुरात पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा समाजांना सेटलमेंट नावाच्या वस्तीत कुंपणाआड ठेवले गेले. दररोज हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर पडायचे नाही आणि गिरणीत कामाला जायचे, असे ते जिणे. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. वस्तीचे नाव मात्र अजून सेटलमेंटच आहे.

त्या कुंपणाआत शाळाही होती. ती शाळा विसरू नये असे मला वाटते, कारण तिच्यामागे एक ठाम विचार होता : मूल सुधारायचे तर त्याला त्याच्या माणसांच्या जगण्यापासून तोडले पाहिजे. अमेरिकेत 1879 साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल इथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली गेली. तिथे मुलांचे केस कापले, नावे बदलली, त्यांच्या भाषेवर बंदी घातली. सोलापूर आणि कार्लाईल यांच्यामध्ये समुद्र आहे, पण दोन्हीकडच्या शाळांनी मुलाचे घर हाच रोग मानला. तो कायदा गेला. तो विचार आपल्या शिक्षणातून पुरता गेला का, हा आज माझा प्रश्न आहे.

पारधी समाजाचेच पाहू. महाराष्ट्रात हा समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, म्हणजे सोलापुरात पारध्याच्या पालावरचा तरुणही आदिवासी तरुणच आहे. तो बारावी झाला की पहिली अडचण कागदाची. जात पडताळणीसाठी 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबाला एका गावात स्थिर राहू दिले नाही, त्यांनी महसुली नोंद आणायची कुठून? ती अडचण पार करून तो महाविद्यालयात पोहोचला, तर तिथे त्याच्या घरातली एकही गोष्ट विषय म्हणून शिकवली जात नाही.

घरात काय असते ते जरा जवळून पाहा. फासेपारध्याचा फास म्हणजे दोरीचा साधा तुकडा नव्हे. तित्तिराला कोणत्या उंचीवर, लाव्याला कोणत्या वाटेवर, कोणत्या गवतात, वाऱ्याच्या कोणत्या अंगाला फास मांडायचा हे ठरलेले असते. पक्ष्याची साद हुबेहूब काढायची असते. मादी कुठे घरटे करते, पहिल्या पावसानंतर ती कुठे सरकते, हे ठाऊक असल्याशिवाय फास रिकामाच राहतो. शिकारीला आता कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या माणसाच्या डोक्यातला गवताळ माळाचा अभ्यास बंदी घालण्याजोगा नाही. वाशिम-अकोल्याकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले, ते याच ज्ञानाच्या बळावर. आपल्या नान्नजच्या माळावर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसणे नवलाचे झाले आहे. प्राणिशास्त्राचे आमचे पदवीधर त्या माळावर दुर्बीण घेऊन जातात. पण त्याच माळावर पिढ्यान्‌पिढ्या हिंडलेल्या माणसाला आम्ही वर्गात बोलावून विचारलेले नाही.

ज्याने विचारले तो माणूस याच शहरातला होता. मारुती चितमपल्ली 1932 साली सोलापुरात जन्मले, इथल्याच शाळा-महाविद्यालयांत शिकले, वनखात्यात गेले. नवेगाव, नागझिरा, मेळघाट असे रानोमाळ राहून त्यांनी 'पक्षिकोश' केला, झाडांची आणि प्राण्यांची नावे गोळा केली, मराठीला पक्ष्यांच्या वसाहतींसाठी काकागार, सारंगागार असे शब्द दिले. 2006 साली सोलापुरात साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष तेच होते. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते आपल्याला सोडून गेले. आपली विद्या गोंडांकडून, ढिवरांकडून, रानातल्या वाटाड्यांकडून आली, हे चितमपल्लींनी कधी लपवले नाही. त्यांचा आपण सन्मान केला, तो करायलाच हवा होता. पण त्यांच्या गुरूंना कुठल्या विद्यापीठाने खुर्ची दिली? पदवीधर शिष्याचे ज्ञान ग्रंथ म्हणून कपाटात गेले. निरक्षर गुरूचे ज्ञान त्याच्याबरोबर मातीत गेले.

आता थोडे आकडे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासींची संख्या 1 कोटी 5 लाख होती, म्हणजे दर अकरा माणसांमागे एक. राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर, आदिवासींची 66 टक्क्यांच्या आसपास. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय पाहणीत 18 ते 23 वयोगटातले पटनोंदणीचे सरासरी प्रमाण 28.4 टक्के होते, तर अनुसूचित जमातींचे 21.2 टक्के. हे अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे आणि त्याचे श्रेय आश्रमशाळांना, वसतिगृहांना, आरक्षणाला दिले पाहिजे. पण पटावर नाव येणे ही पहिली पायरी. आत गेल्यावर काय मिळते, हे या आकड्यांत येत नाही.

ते पाहायला गडचिरोलीला जाऊ या. हा जिल्हा 1982 साली झाला. 2011 पर्यंत भामरागडचा विद्यार्थी नागपूर विद्यापीठाचा विद्यार्थी होता. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते आणि परीक्षेचे वेळापत्रक मात्र नागपुरात ठरते, अशी स्थिती. 2011 साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले, ही मोठी गोष्ट घडली. अलीकडे त्यांनी 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम घेतला. ज्यांचे शिक्षण अर्धवट सुटले त्यांच्या गावात जाऊन शिकवायचे, अशी त्याची कल्पना आहे. विद्यापीठ गावात गेले. आता गाव विद्यापीठात यायला हवे.

म्हणजे काय? तेंदूच्या हंगामाचे उदाहरण घ्या. मे महिन्यात धानोरा तालुक्यातले अख्खे गाव पहाटे जंगलात जाते. दुपारी घरी सगळे मिळून पानांचे पुडे बांधतात. एका पुड्यात 70 पाने. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर येतात, मोजले जातात, उन्हात मांडले जातात, उलटवले जातात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पूर्वी हा सगळा कारभार वनखात्याचा आणि ठेकेदाराचा होता. ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा आल्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. आता ग्रामसभेच्या वहीत काय काय येते पाहा : कोणत्या कुटुंबाचे किती पुडे, मजुरी किती, रॉयल्टी किती, फळीचा खर्च किती, ठेकेदाराने किती हप्ते दिले आणि किती थकवले. निविदेची जाहिरात, करारनामा, बँकेचे खाते, कर, लेखापरीक्षण, आणि ठेकेदार बुडवून पळाला तर कोर्ट. लाखोंचे व्यवहार आहेत. ही वही बहुधा गावातला बारावी झालेला किंवा बी.ए. करणारा एखादा मुलगा लिहितो.

त्याच गावातली मुलगी तालुक्याला बी.कॉम. करते. ती भागभांडवल शिकते, कंपनीचा ताळेबंद शिकते. ते शिकायलाच हवे. पण ग्रामसभेचा ताळेबंद तिच्या अभ्यासक्रमात नाही. सामूहिक मालकीच्या जंगलाचे उत्पन्न कसे मांडायचे, सगळ्या गावाचा हिस्सा असलेला नफा कसा वाटायचा, पुढच्या वर्षासाठी किती राखायचे, यावर एक धडा नाही. तिचा वाणिज्य विभाग आणि तिच्या गावची फळी यांच्यात वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर असेल. ते ओलांडायला अभ्यासमंडळाच्या ठरावापलीकडे काही लागत नाही.

गावाला आपले उच्च शिक्षण स्वतः उभारता येते, याचा पुरावाही याच तालुक्यात आहे. मेंढा-लेखा हे चार-पाचशे वस्तीचे गोंड गाव. तिथल्या कामात पुढे असलेल्या देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे तुम्ही ऐकली असतील. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. 2011 साली बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. 2013 साली गावाने ग्रामदान केले. मिलिंद बोकिलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहून ही कहाणी मराठी वाचकांपर्यंत नेली आहे.

या सगळ्यामागे एक साधी रीत आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. गावात अभ्यासगट चालतो. एखादा प्रश्न आला, समजा मधाचा, मासेमारीचा किंवा नव्या कायद्याचा, की अभ्यासगट बसतो. बाहेरचा जाणकार आला तर त्याने माहिती सांगायची आणि चर्चा करायची, निर्णय मात्र सांगायचा नाही. अभ्यासगटही निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तो बहुमताने नाही तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा अभ्यास. आपल्या विद्यापीठांत संशोधन पद्धती नावाचा विषय असतो. पुरावा गोळा करणे, मते तपासणे, घाई न करणे, विरोधी मत ऐकून घेणे, ही पद्धती मेंढ्याच्या अभ्यासगटात कित्येक वर्षे रोजच्या वापरात आहे. या गावात सहा महिने अभ्यासगटात बसलेल्या विद्यार्थ्याला राज्यशास्त्राचे श्रेयांक का मिळू नयेत? आणि ते श्रेयांक ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला का असू नये?

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 नंतर कोसबाडला काय केले? वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. 1990 च्या दशकात नर्मदेच्या खोऱ्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात जीवनशाळा निघाल्या. तिथे पावरी आणि भिलोरीतून शिकवायला सुरुवात झाली. गडचिरोलीतल्या मोहगावला ग्रामसभांनी 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिला 2022 साली प्रशासनाने अनधिकृत ठरवले. म्हणजे लहान मुलांच्या बाबतीत आपण निदान हा प्रश्न मांडला, झगडलो, कधी जिंकलो, कधी हरलो. उच्च शिक्षणात तो मांडलेलाच नाही. बालवाडीत मुलाच्या बोलीला मान द्यायचा आणि तेच मूल अठरा वर्षांचे झाले की ती बोली बाहेर ठेवून आत यायला सांगायचे, असा आपला व्यवहार आहे.

भाषेपुरते थोडे थांबतो. आदिवासी भाषा लहान आहेत, त्यांत उच्च शिक्षण परवडत नाही, असे सांगितले जाते. 2011 च्या जनगणनेत बोडो बोलणारे सुमारे 15 लाख होते. गोंडी बोलणारे 30 लाखांच्या घरात आणि भिली बोलणारे 1 कोटी 4 लाख. संथाली आणि बोडो 2003 साली आठव्या अनुसूचीत गेल्या. गोंडी आणि भिली अजून बाहेरच आहेत. तेव्हा अडचण संख्येची नाही. गोंड एका राज्यात बहुसंख्य नाहीत, ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण असे वाटले गेले आहेत, आणि प्रत्येक राज्याने त्यांची भाषा दुसऱ्या राज्याची मानली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. चार भाषांत वावरणारे मूल मंद असते, असे या शहरात कुणी म्हणणार नाही.

पालघरकडे वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. ही बाई लग्नाची गाणी म्हणते आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. सवासिनी भिंतीवर चौक लिहितात. त्या चौकातून निघालेली चित्रकला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आज वारली चित्रे साड्यांवर आहेत, कपांवर आहेत, शाळांच्या भिंतींवर आहेत. धवलेरीला तासन्‌तास चालणारी गाणी तोंडपाठ असतात. त्यांत वंशावळी आहेत, देवता आहेत, पिकांची आणि ऋतूंची समज आहे. लोकसाहित्यावर पीएच.डी. करणारा विद्यार्थी तिच्याकडे ध्वनिमुद्रण करायला जातो, त्यावर प्रबंध लिहितो आणि प्राध्यापक होतो. धवलेरी त्याच्या प्रबंधात 'माहितीदार' म्हणून शेवटच्या पानावर राहते. ही रीत बदलली पाहिजे. तिला मार्गदर्शकाचा दर्जा द्या. मौखिक परीक्षेला ती समोर बसू द्या.

हे अव्यवहार्य वाटत असेल तर जगात कुठे कुठे झाले ते पाहा. अमेरिकेत नवाहो लोकांनी 1968 साली स्वतःचे महाविद्यालय काढले. आज ते डिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. कार्लाईलसारख्या शाळांनी जी भाषा मुलांच्या तोंडून काढून घेतली होती, ती तिथे अभ्यासाचा विषय झाली. परिसराची रचना त्यांच्या पारंपरिक घरासारखी आणि दार पूर्वेला. त्या वाटेने पुढे तिसाहून अधिक जमातींची महाविद्यालये उभी राहिली, आणि 1978 साली त्यांना केंद्राचा पैसा मिळण्यासाठी कायदा झाला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला काउतोकेइनो इथे 1989 पासून सामी लोकांची उच्च शिक्षण संस्था आहे. तिथे शिकवण्याची भाषा सामी. रेनडिअर पाळणे हा विषय आहे आणि सामी हस्तकलेत पदव्युत्तर पदवी मिळते. न्यूझीलंडने 1990 साली माओरींच्या 'वानांगा' या संस्थांना कायद्यात विद्यापीठांच्या शेजारी स्वतंत्र जागा दिली. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : संस्थेचा कारभार त्या लोकांच्या हातात आहे आणि वृद्ध जाणते तिथे शिकवतात.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप आदिवासी पालकांकडूनच येतो. आमच्या मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे, कलेक्टर व्हायचे आहे, तुम्ही त्याला पुन्हा मोहफुलांत आणि बांबूत अडकवता का? हा संशय रास्त आहे, कारण आदिवासींना संग्रहालयातल्या वस्तूसारखे जपून ठेवायची हौस शहरी माणसांना असते. म्हणून माझी अट अशी की, यातले काहीही इंग्रजी, गणित किंवा संगणक कमी करून देता कामा नये. पण डॉक्टर झालेली माडिया मुलगी माडियात बोलत असेल तर भामरागडच्या रुग्णाला तिचा जास्त उपयोग होईल. वकील झालेल्या कातकरी मुलाला वनहक्काचा दावा लिहिताना आजीने दाखवलेल्या पाणवठ्यांच्या आणि देवांच्या जागा पुरावा म्हणून मांडता येतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातली मुले तिथे आली, त्यांना आधुनिक शिक्षण मिळाले आणि त्याच वेळी आपल्या वस्तीचे जगणे ही लिहिण्याजोगी, अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे हा विश्वास मिळाला. दलित साहित्याच्या उभारणीत त्या आवाराचा वाटा किती, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. घरच्या अनुभवाला मान देणाऱ्या शिक्षणाने त्यांना कुठेही अडकवले नाही. ती मुले जगभर गेली.

दुसरा आक्षेप दर्जाचा. जो शाळेत गेला नाही त्याने महाविद्यालयात शिकवायचे, तर दर्जाचे काय? हा प्रश्न भवानी पेठेत विचारून पाहा. यंत्रमागावर दोष आला, धागा वारंवार तुटू लागला, तर कारखानदार जॉबरला बोलावतो. जॉबर आवाजावरून सांगतो कुठे बिघडले आहे. टेक्स्टाइलची पदवी घेऊन आलेला तरुण पहिले वर्ष त्याच्याच हाताखाली शिकतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दर्जा कामातून तपासला जातो. वैदूने ओळखलेली वनस्पती वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने तपासावी, आणि प्राध्यापकाचे वर्गीकरण वैदूने जंगलात नेऊन तपासावे. दोघेही शिकतील आणि विद्यार्थ्याला दोन्ही मिळेल. वैदूचे सांगणे चुकीचे निघाले तर तेही नोंदवावे. मान द्यायचा म्हणजे तपासायचे नाही, असे मी म्हणत नाही.

आता करायचे काय, ते मोजक्या शब्दांत सांगतो, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नेमण्याची मुभा दिली. त्याला पदवीची अट नाही. आपल्या क्षेत्रातला दीर्घ अनुभव आणि नाव हवे, आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत करता येतात. आजवर या जागांचा विचार मुख्यतः उद्योगातल्या अधिकाऱ्यांसाठी झाला. बांबूच्या बेटातून पुढच्या वर्षाचे कोंब राखून तोड करणारा, चाळीस वर्षे गावचा न्यायनिवाडा करणारा, धवलेरी, वैदू, हे सगळे या चौकटीत बसतात. नेमणूक जास्तीत जास्त चार वर्षांची असते, ही तिची मर्यादा आहे. तरी सुरुवात इथून करता येते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय आला आहे, आणि क्षेत्रीय प्रकल्प व समाजसंपर्काचे श्रेयांकही आले आहेत. त्या ज्ञान प्रणालीत शुल्बसूत्रे येतात, आयुर्वेद येतो, योग येतो. येऊ देत. पण गोंडांची जलव्यवस्था, कोलामांची शेती, कातकऱ्यांची मासेमारी, पारध्यांचे पक्षिज्ञान हेही भारतीय ज्ञानच आहे. अभ्यासमंडळांनी ते लेखी स्वरूपात त्या यादीत घालावे.

तिसरी गोष्ट राहण्या-जेवणाची, आणि ती मी शेवटी सांगत असलो तरी दुय्यम नाही. 2018 साली आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून विद्यार्थ्यांच्या खात्यात पैसे टाकायचे ठरले, तेव्हा मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. आम्हाला जेवण हवे, एवढीच त्यांची मागणी होती. पैसे उशिरा आले की मूल उपाशी राहते, आणि उपाशी मुलापुढे संस्कृतीचे व्याख्यान देणे पाप आहे. वसतिगृह चांगले नसेल तर माझे आजचे सगळे म्हणणे पोकळ ठरेल.

शेवटी आपल्या शहराकडे येतो. सोलापूरला 2004 पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ ही गोष्ट अनेकांना लहान वाटली, पण याच कामासाठी तो लहानपणा उपयोगी आहे. तिथून पालावर जाऊन संध्याकाळी परत येता येते. पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर 1986 पासून आहे. त्याच तालुक्यात यमगरवाडीला पारधी आणि भटक्या समाजांच्या मुलांची निवासी शाळा आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढे कुठे जायचे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. माणसे आहेत, संस्था आहेत, माळही आहे.

या शहराने एके काळी पारध्यांना कुंपणात कोंडले. आज तेच शहर त्यांच्यातल्या जाणत्या माणसाला सन्मानाने वर्गात बोलावू शकते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने गवताळ माळाच्या परिसंस्थेवर एक अभ्यासक्रम सुरू करावा. त्याची प्रात्यक्षिके नान्नजच्या माळावर व्हावीत. तो शिकवण्यासाठी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या बरोबरीने एका फासेपारधी जाणत्याची नेमणूक व्हावी, त्याच वेतनावर आणि त्याच अधिकाराने. पहिल्या तुकडीत निम्म्या जागा पालावरच्या मुलामुलींना राहाव्यात, आणि जात पडताळणीचा कागद येईपर्यंत त्यांचा प्रवेश अडू नये. ही मागणी घेऊन आपण सगळे विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे जाऊ या. निवेदन मी लिहून आणले आहे. सभा संपल्यावर ते संयोजकांच्या टेबलावर ठेवतो. वाचा, पटले तर सही करा, आणि पटले नाही तर का पटले नाही ते मला सांगा.